ह्यूस्टनमधले सात पास

ऑटो ग्रॅहॅम क्लीव्हलँड ब्राउन्सकडून १९४६ ते १९५५ असे दहा हंगाम खेळला. दहाही हंगामांत त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि त्यांतले सात जिंकला. टॉम ब्रेडीच्या नावावरही हेच आकडे आहेत: दहा अंतिम सामने, सात अजिंक्यपदं. ब्रेडीला त्यासाठी तेवीस हंगाम लागले. तरीही व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण, हा वाद रंगला की ब्रेडीचं नाव पहिल्या दमात येतं. ग्रॅहॅमचं नाव आलंच, तर जुन्या नोंदी चाळायची खोड असलेला एखादा माणूस काढतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. प्रत्येक प्रयत्नाला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो शेजारच्या धावणाऱ्याकडे सोपवायचा, स्वतः घेऊन पळायचं, की लांबवर धावत सुटलेल्या झेलकऱ्याकडे फेकायचा, याचा निकाल त्याला दोन-तीन सेकंदांत लावायचा असतो. समोरून त्याला जमिनीवर लोळवायला निघालेले धिप्पाड गडी येत असतात. जिंकलं की श्रेय त्याचं, हरलं की खापरही त्याच्याच डोक्यावर. बाकीच्या दहा जणांचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

ग्रॅहॅमविरुद्ध पहिला आक्षेप असा, की त्याची पहिली चार अजिंक्यपदं एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगमधली नव्हती. ‘ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स’ नावाच्या प्रतिस्पर्धी लीगमधली होती, आणि ती लीग १९४९च्या हंगामानंतर बंद पडली. ब्राउन्स एनएफएलमध्ये दाखल झाले तेव्हा आता यांची खरी लायकी कळेल, अशीच तिथल्या जुन्या मंडळींची भाषा होती. १६ सप्टेंबर १९५० रोजी, पहिल्याच सामन्यात, ब्राउन्सची गाठ गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सशी पडली. ब्राउन्स ३५-१० असे जिंकले आणि त्या वर्षीचं अजिंक्यपदही घेऊन गेले. त्यामुळे हा आक्षेप मला कधी फारसा पटलेला नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. प्रशिक्षक पॉल ब्राउन प्रत्येक चाल स्वतः ठरवायचा आणि आळीपाळीनं आत-बाहेर जाणाऱ्या खेळाडूंबरोबर ती मैदानावर पाठवायचा. हात ग्रॅहॅमचा आणि डोकं ब्राउनचं, असं म्हणायला त्यामुळे वाव राहिला. ग्रॅहॅमला स्वतःलाही ही पद्धत रुचत नसे.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. १९५३ साली सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्यात त्याच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याचं कोपर बसलं. पंधरा टाके पडले. हेल्मेटला पुढून पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बसवून तो त्याच सामन्यात पुन्हा उतरला. चेहऱ्यापुढे जाळी असणं तेव्हा गृहीत धरलेलं नव्हतं.

डोक्याचा मुद्दा निघाला की जॉनी युनायटसकडे वळावंच लागतं. पिट्सबर्गच्या या पोराला १९५५ साली त्याच्याच गावच्या स्टीलर्सनी कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत नवव्या फेरीत निवडलं आणि हंगाम सुरू होण्याआधीच घरी पाठवलं. ते वर्ष तो ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या अर्धव्यावसायिक संघाकडून, सामन्याला सहा डॉलरवर खेळला. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनी त्याला राखीव म्हणून घेतलं. तिथला मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, युनायटस मैदानात आला, आणि मग त्याला बाहेर बसवायचा प्रश्नच उरला नाही.

२८ डिसेंबर १९५८. न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, अंतिम सामना, समोर न्यूयॉर्क जायंट्स. दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरलेला असताना कोल्ट्स १४-१७ असे मागे होते आणि चेंडू त्यांच्याच गोलरेषेपासून १४ यार्डांवर होता. युनायटसनं रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन पास टाकले आणि त्या तीन पासांत ६२ यार्ड कापले. बेरी काही वाऱ्याच्या वेगानं पळणारा गडी नव्हता. पण सराव संपल्यावर सगळे घरी गेले, की हे दोघे मागे राहून त्याच-त्याच धावा तासन्‌तास घोटवायचे. सात सेकंद उरले असताना स्टीव्ह मायरानं किक मारून बरोबरी साधली. एनएफएलच्या अंतिम सामन्यात जादा वेळ खेळण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता. नाटक संपलंय की बाकी आहे, हे क्षणभर खेळाडूंनाही उमगलं नाही.

त्या जादा वेळातलं युनायटसचं खेळणं हा या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. बेरीला रोखता रोखता जायंट्सचा मधला बचावपटू सॅम हफ प्रत्येक वेळी थोडा मागे सरकतोय, हे त्यानं टिपलं. मग त्यानं पास टाकलाच नाही. हफनं मोकळ्या सोडलेल्या मधल्या वाटेनं ॲलन अमिचीला धाडलं आणि एका फटक्यात वीसेक यार्ड मिळवले. गोलरेषा हाकेच्या अंतरावर आल्यावर किक मारून तीन गुण घेतले असते तरी सामना संपला असता. यानं मात्र जिम मचेलरकडे पास फेकला. तो मधेच कुणी पकडला असता तर सगळंच हातचं गेलं असतं. नंतर कुणीतरी त्याला या धोक्याबद्दल विचारलं. आपण काय करतोय हे नीट ठाऊक असलं की पास अडवला जात नाही, अशा अर्थाचं त्याचं उत्तर होतं. पुढच्याच चालीत अमिची रेषेपार गेला आणि कोल्ट्स २३-१७ असे जिंकले. देशभरात सुमारे साडेचार कोटी माणसं दूरचित्रवाणीवर हा सामना पाहत होती, असा अंदाज आहे. व्यावसायिक फुटबॉल बेसबॉलच्या सावलीतून बाहेर आला तो या संध्याकाळपासून, असं अमेरिकी क्रीडा-इतिहासकार मानतात.

मचेलरकडे पास टाकायची ती चाल कुणी बाहेरून पाठवलेली नव्हती. हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता. दहा गडी गोल करून उभे राहायचे आणि हा सांगायचा, बस. माझं मत युनायटसच्या पारड्यात पडतं ते यासाठी. ४०,२३९ यार्ड आणि २९० टचडाउन पास (चेंडू गोलरेषेपार पोहोचवणारे) हे त्याचे एकूण आकडे, आणि २५३ वेळा प्रतिस्पर्ध्यांनी त्याचे पास पळवले. आजच्या क्वार्टरबॅकनं इतके पास गमावले तर त्याला शहरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण या २५३ चा अर्थ लावायचा तर मधे एक वळण घ्यावं लागतं, आणि त्या वळणावर डॉन शूला भेटतो.

शूला १९६३ ते १९६९ बाल्टिमोरचा प्रशिक्षक होता. युनायटसची ऐन उमेदीची वर्षं त्यानं जवळून पाहिली. त्याच काळात ग्रीन बेमध्ये बार्ट स्टार एकामागून एक अजिंक्यपदं गोळा करत होता. सात वर्षांत पाच! १९६७च्या वर्षअखेरीस उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत, १६ सेकंद उरले असताना, त्यानं स्वतःच चेंडू घेऊन रेषेपार मुसंडी मारली आणि डॅलसला हरवलं. जानेवारी १९६९ च्या अंतिम सामन्यात शूलाच्या वाट्याला जो नेमथ आला. सट्टेबाजांच्या लेखी बाल्टिमोर १८ गुणांनी वरचढ होतं. नेमथनं आम्हीच जिंकणार म्हणून छातीठोकपणे सांगितलं आणि न्यूयॉर्क जेट्सनी १६-७ असा सामना खिशात घातला. नेमथच्या त्या सामन्यात एकही टचडाउन पास नाही, हे त्याचे भक्त हळूच सोडून देतात. एका शब्दावर एवढी कीर्ती मिळालेला दुसरा खेळाडू शोधून सापडायचा नाही.

शूला पुढे मायामी डॉल्फिन्सकडे गेला. १३ जानेवारी १९७४ रोजी ह्यूस्टनच्या राइस स्टेडियममध्ये त्याच्या संघानं मिनेसोटाला २४-७ असं लोळवून सलग दुसरा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या दिवशी मायामीचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी यानं किती पास टाकले असतील? सात. अख्ख्या अंतिम सामन्यात सात. त्यांतले सहा झेलले गेले, ७३ यार्ड मिळाले. बाकी सगळं पळून. एकट्या लॅरी झॉन्कानं १४५ यार्ड कापले. समोर मिनेसोटाकडून फ्रॅन टार्केंटन होता. त्यानं २८ पास टाकले आणि हरला. पुढे कारकीर्द संपताना युनायटसचे पासचे विक्रम याच टार्केंटननं मोडले होते. तीन सुपर बोल हरल्यामुळे वादात त्याचं नाव कुणी घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा पास टाकणं हाच आतबट्ट्याचा व्यवहार होता. बचावपटू झेलकऱ्याला मैदानभर ढकलत, धक्के देत नेऊ शकत. क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पुढे पसरायची मुभा नव्हती. मुठी छातीशी धरून, अंगानं अडवायचं. समोरचा त्यांच्या हेल्मेटवर कानशिलाशी सणसणीत चपराक मारून वाट काढायचा, आणि तेही नियमात बसायचं. लॉस एंजेलिस रॅम्सचा डिकन जोन्स त्यातला वस्ताद. असल्या खेळात पासमागे पास टाकायचे म्हणजे काही प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणारच. युनायटसचे २५३ असे पाहायचे असतात.

ह्यूस्टनमधल्या त्या सहा झेलांपैकी दोन मार्लिन ब्रिस्कोचे. हा ब्रिस्को मुळात क्वार्टरबॅक होता. १९६८ साली डेन्व्हर ब्रॉन्कोसकडे सगळे क्वार्टरबॅक जखमी किंवा निकामी झाल्यावर या नवख्या मुलाला संधी मिळाली, आणि आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्या हंगामात त्यानं १४ टचडाउन पास टाकले. दुसऱ्या वर्षी डेन्व्हरमध्ये त्याला स्पर्धेतही धरलं नाही. बफेलोला गेला तर तिथं त्याला झेलकरी केलं. तो झेलकरीही उत्तम झाला. पण क्वार्टरबॅक म्हणून तो काय झाला असता, याची नोंद कुठल्याच पुस्तकात असणार नाही.

विचार करायची जागा म्हणजे क्वार्टरबॅकची, आणि ती कृष्णवर्णीयांना झेपणार नाही, अशी समजूत संघमालकांपासून प्रशिक्षकांपर्यंत पक्की बसलेली होती. १९३४ ते १९४५ तर एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९७८ मध्ये वॉरन मून कॉलेजचा प्रतिष्ठेचा रोझ बोल सामना जिंकून आला, तरी एकाही संघानं त्याला निवडलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनला लागोपाठ पाच अजिंक्यपदं मिळवून दिली, आणि मग १९८४ साली ह्यूस्टननं त्याला मोठ्या मानानं बोलावून घेतलं. जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टनच्या डग विल्यम्सनं एकट्या दुसऱ्या सत्रात चार टचडाउन पास टाकले. त्या पंधरा मिनिटांत संघाचे ३५ गुण झाले आणि अंतिम निकाल ४२-१०. त्यानंतर ती समजूत उघडपणे बोलणं अवघड झालं. मनातून गेली असं नाही. सर्वकालीन श्रेष्ठांच्या याद्या वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. १९७० पर्यंतच्या याद्यांमध्ये ज्यांना उभं राहू दिलं, त्यांच्यातलीच निवड आहे.

आता नियमांकडे. १९७७ च्या हंगामात एका संघाचे सामन्यागणिक सरासरी १७.२ गुण झाले. १९४२ नंतरचा हा नीचांक. दूरचित्रवाणीला असला रटाळ खेळ विकणं कठीण. १९७८ साली लीगच्या नियम समितीनं (शूला त्या समितीवर होता) दोन बदल केले. पहिल्या पाच यार्डांपलीकडे झेलकऱ्याला हात लावायचा नाही. आणि रक्षकांनी हात पसरून, पंजे उघडे ठेवून अडवलं तरी चालेल. पहिल्या नियमाला पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटचं नाव चिकटलं, कारण झेलकऱ्यांना सर्वाधिक छळणारा तोच. गंमत अशी, की या नियमाचा पहिला फायदा ब्लाउंटच्याच संघाला झाला. टेरी ब्रॅडशॉनं मोकळेपणी लांब पास टाकायला सुरुवात केली आणि पुढची दोन्ही अजिंक्यपदं पिट्सबर्गला गेली.

शूलानं १९८३ मध्ये डॅन मरिनोला निवडलं. त्याच्याआधी २६ खेळाडू निवडले गेले होते, त्यांत पाच क्वार्टरबॅक. १९८४ साली मरिनोनं ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास असा हंगाम काढला. टचडाउन पासांचा आधीचा विक्रम ३६ होता. सात पासांवर अजिंक्यपद जिंकणारा प्रशिक्षक तोच, संघ तोच. अकरा वर्षांनंतर, २० जानेवारी १९८५ रोजी, स्टॅनफर्डच्या मैदानावरच्या सुपर बोलमध्ये त्याच्या संघानं ५० पास टाकले आणि फक्त नऊ वेळा चेंडू घेऊन धावला. हरला, ३८-१६. ह्यूस्टन आणि स्टॅनफर्ड या दोन सामन्यांचे कागद शेजारी ठेवले तर हे एकाच खेळाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

स्टॅनफर्डला मरिनोसमोर जो मोंटाना होता. तिसऱ्या फेरीत, ८२व्या क्रमांकावर निवडलेला, अंगानं किरकोळ, फेक मरिनोच्या पासंगालाही न पुरणारी. प्रशिक्षक बिल वॉल्शनं आखडत्या, नेमक्या पासांची एक पद्धत बसवली होती, आणि मोंटाना त्या पद्धतीसाठीच जन्मला असावा असा खेळायचा. सामन्याच्या सुरुवातीच्या चाली वॉल्श आदल्या रात्रीच लिहून काढायचा. चार सुपर बोल, चारही जिंकलेले, १२२ पास, आणि एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती नाही. जानेवारी १९८९ मध्ये सिनसिनाटीविरुद्ध तीन मिनिटं उरली होती आणि गोलरेषा ९२ यार्ड दूर होती. अशा वेळी त्यानं एका सहकाऱ्याला प्रेक्षकांमध्ये बसलेला विनोदी नट जॉन कँडी दाखवला आणि मग ९२ यार्ड पार केले. या किश्श्याला पाय फुटलेत, पण सहकाऱ्यांनी तो पुन्हा-पुन्हा सांगितलेला आहे. मोंटाना हा वादातला सर्वांत देखणा उमेदवार. मरिनो पुन्हा कधी अंतिम सामन्यात पोहोचला नाही. केवळ चेंडू फेकण्याच्या कलेवर मतदान घेतलं तर माझं मत त्याला.

मरिनोचा ४८ चा विक्रम वीस वर्षं टिकला, आणि मोडला तो २००४ मध्येच. त्यालाही कारण आहे. १८ जानेवारी २००४ रोजी फॉक्सबरोच्या गारठ्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या बचावपटूंनी इंडियानापोलिसच्या झेलकऱ्यांना धरून, ओढून, ढकलून हैराण केलं. त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचे चार पास पळवले, त्यांतले तीन एकट्या टाय लॉनं. पेट्रियट्स २४-१४ असे जिंकले. इंडियानापोलिसचा व्यवस्थापक बिल पोलियन नियम समितीवर होता. पाच यार्डांचा जुना नियम पुढच्या हंगामापासून काटेकोर पाळायचा, असं पंचांना बजावण्यात आलं. त्या हंगामात मॅनिंगनं ४९ टचडाउन पास टाकले. आणि जानेवारी २००५ मध्ये फॉक्सबरोलाच परत जाऊन २०-३ असा हरला!

पलीकडच्या संघाचा क्वार्टरबॅक ब्रेडी होता. सहावी फेरी, १९९वा क्रमांक, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडलेले. सप्टेंबर २००१ मध्ये मो लुइस या प्रतिस्पर्धी बचावपटूनं पेट्रियट्सचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला असं काही आदळलं, की त्याच्या शरीरात रक्तस्राव झाला. त्या आदळण्यातून ब्रेडीला जागा मिळाली. सात वर्षांनी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा निकामी झाला. मग जमिनीवर पडलेल्या बचावपटूनं क्वार्टरबॅकच्या पायांवर झेपावायचं नाही, हे नियमात ठळक झालं. त्याला लोक ब्रेडीचाच नियम म्हणतात. पंचेचाळिशीपर्यंत खेळता आलं त्यात त्याच्या आहाराचा आणि शिस्तीचा वाटा असेल, तसा या नियमाचाही आहे. १९९४ पासून प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमध्ये येतो, हेही विसरून चालणार नाही.

तरी फेब्रुवारी २०१७ चा अटलांटाविरुद्धचा सामना मी कुठल्याच नियमाच्या खाती मांडू शकत नाही. ३-२८ अशा पिछाडीवरून, सुपर बोलच्या इतिहासातल्या पहिल्या जादा वेळात, ३४-२८ असा विजय. युनायटसला पाहिलेल्या म्हाताऱ्यांनीही त्या रात्री मान डोलावली असणार. विरोधकांना १८ सामने अपराजित राहून १९वा हरलेलं वर्ष आठवतं, चेंडूतली हवा कमी केल्याच्या प्रकरणात भोगलेली चार सामन्यांची बंदी आठवते. तेही खरंच आहे.

२०१९ मध्ये एनएफएलनं शतकमहोत्सवानिमित्त तज्ज्ञांकडून दहा क्वार्टरबॅक निवडून घेतले: बॉ, ग्रॅहॅम, युनायटस, स्टॉबॅक, मोंटाना, मरिनो, एलवे, फार्व्ह, मॅनिंग, ब्रेडी. क्रम लावला नाही, त्यात शहाणपण होतं. पण पाच अजिंक्यपदांचा स्टार त्यात नाही आणि एकही सुपर बोल न जिंकलेला मरिनो आहे, म्हणजे अजिंक्यपदांची मोजपट्टी गेली. पासांच्या आकड्यांत बहुतेकांच्या पुढे असलेला ड्रू ब्रीस नाही, म्हणजे आकड्यांचीही गेली. मून नाही. स्टार त्याच वर्षी मे महिन्यात वारला होता.

सध्याचा वाद पॅट्रिक महोम्सभोवती फिरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यानं जेलेन हर्ट्सच्या फिलाडेल्फियाला हरवलं, आणि दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असलेला तो पहिला सुपर बोल होता. दोन वर्षांनी त्याच फिलाडेल्फियानं न्यू ऑर्लिन्समध्ये त्याला ४०-२२ असं हरवलं. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, खात्यात तीन अजिंक्यपदं. ब्रेडीला आता कुणी गाठत नाही, असं दुसऱ्या दिवशीच छापून यायला लागलं. वयाच्या २९ व्या वर्षी ब्रेडीकडेही तीनच होती. चौथं आलं तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.